डोक्यावर छप्पर नसताना पाळी सांभाळणे : पॅड मिळूनही अडचण का उरते?

सांजवाट

नमस्कार. गेली चार वर्षे मी एका रात्रनिवाऱ्यात आठवड्यातून तीन दिवस स्वयंसेवक म्हणून काम करते आणि मुक्कामाला येणाऱ्या स्त्रियांना पाळीसाठी लागणारे साहित्य देण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. देणगीतून पॅड पुरेसे येतात, कपाट सहसा रिकामे नसते, आणि मागायला आलेल्या कोणालाही आम्ही परत पाठवत नाही. असे असूनही गेल्या महिन्यात एका पहाटे अंथरुणे गोळा करताना माझ्या लक्षात आले की एका बाईंनी रात्रभर जुन्या सदऱ्याच्या बाहीची घडी करून वापरली होती. कपाट त्यांच्या अंथरुणापासून वीस पावलांवर होते. मी हळूच विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘रात्री मागायला उठले असते तर सगळ्यांना कळले असते.’

त्या दिवसापासून मनात एक बोच राहिली आहे. साहित्य हाताशी असूनही ते वापरण्याजोगे का होत नाही, रस्त्यावर, गाडीत, दुसऱ्याच्या घरी किंवा निवाऱ्यात राहणाऱ्या व्यक्तीला पाळीच्या दिवसांत नेमके काय लागते आणि आम्ही देणारे कोठे चुकतो, हे ज्यांनी भोगले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांच्याकडून समजून घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. संकोच न करता लिहावे, ही विनंती.

पाऊलखुणा

सांजवाटताई, मी चौदा महिने घराविना काढले. त्यांतले पाच महिने उघड्यावर आणि उरलेले नऊ महिने दोन वेगवेगळ्या निवाऱ्यांत गेले. आता माझी स्वतःची खोली आहे, म्हणून हे शांतपणे लिहू शकते.

त्या काळात मला पॅड अनेकदा मिळाले. जे मिळत नव्हते ते म्हणजे आतून कडी लागणारे एक दार, त्या दारामागे दहा मिनिटे आणि हात धुण्यापुरते पाणी. पॅड बदलायची म्हणजे काय, याचा विचार घर असलेल्या माणसाला करावा लागत नाही. वापरलेली काढायची, ती कशात तरी गुंडाळायची, अंग पुसायचे किंवा धुवायचे, नवीन लावायची, कपड्यांना डाग लागला आहे का ते पाहायचे, हात धुवायचे आणि हे सगळे होईपर्यंत आपली पिशवी कोठेतरी सुरक्षित ठेवायची. सार्वजनिक स्वच्छतागृहात खुंटी नसेल तर पिशवी ओल्या जमिनीवर ठेवावी लागते, आणि बाहेर ठेवावी तर परत मिळेल याची खात्री नसते. माझे सगळे जगणे त्या एका पिशवीत होते, त्यामुळे बदलायचा वेळ झाला तरी पिशवीच्या काळजीने मी तासन् तास टाळत असे.

माझा दिवस स्वच्छतागृहांच्या वेळापत्रकावर बेतलेला असे. निवारा सकाळी लवकर सोडावा लागायचा. वाचनालय उघडायला त्यानंतर तीन तास असत. त्या तीन तासांत रक्तस्राव सर्वांत जास्त व्हायचा, कारण रात्रभर आडवे राहून उठल्यावर साठलेले एकदम खाली येते. वाचनालयात मी बसायचे ती जागा स्वच्छतागृहाजवळची असे, आणि दर दोन तासांनी उठताना तेथील कर्मचारी आपल्याकडे पाहत आहेत असे वाटायचे. ते पाहत असतील किंवा नसतील, पण ज्याला कोठूनही उठवले जाऊ शकते त्याला प्रत्येक नजर सूचनेसारखी वाटते. उघड्यावर झोपायचे तेव्हा संध्याकाळी वाचनालय बंद झाले की सकाळपर्यंत काहीच नाही. त्या रात्रींसाठी मी दोन पॅड एकापुढे एक अशा लावायचे, पुढची थोडी पुढे आणि मागची पार कमरेपर्यंत, आणि वरून दोन अंतर्वस्त्रे घालायचे. एकावर एक लावण्याचा उपयोग होत नाही, कारण खालच्या बाजूला प्लास्टिकचा थर असतो आणि वरची भरली की रक्त बाजूने निसटते. हे मला कोणी सांगितले नव्हते, दोन विजारी खराब झाल्यावर समजले.

डागाची भीती ही केवळ लाजेची गोष्ट नाही. उघड्यावर झोपणाऱ्या बाईला आपण बाई आहोत हेच शक्य तितके लपवायचे असते. मी केस टोपीत घालून, मोठा कोट घालून झोपायचे. कपड्यावर रक्त दिसले किंवा वास आला तर ते लपवणे फुकट जाते. दुसरे असे की, कामासाठी मुलाखत द्यायची असेल आणि एकच बरी विजार असेल, तर तिच्यावरचा एक डाग म्हणजे हातची संधी जाणे असते. माझ्या बाबतीत हे एकदा झाले आहे. मी त्या मुलाखतीला गेलेच नाही.

निवाऱ्याबद्दल. मी जेथे होते त्यांतल्या एका ठिकाणी पॅड मागण्यासाठी जेवणाच्या खोलीतून चालत टेबलापर्यंत जावे लागे, टेबलामागे बहुधा पुरुष असत, आणि एका वेळी दोन पॅड मिळत. ‘आणखी हव्या असतील तर पुन्हा या’ हे वाक्य ते चांगल्या मनाने म्हणत. पण पुन्हा जाणे म्हणजे पुन्हा चारचौघांसमोर मागणे. मी त्या दोन पॅडमध्ये अख्खा दिवस काढायचे. मांड्यांची कातडी सोलवटून निघायची, चालताना आग व्हायची, आणि बेघर माणसाला चालण्यावाचून दुसरे काम नसते.

तुमच्याकडच्या त्या बाई कपाटापर्यंत का आल्या नाहीत, हे मला न विचारताच समजते. पॅड स्वच्छतागृहाच्या आत, उघड्या फळीवर ठेवा. कोणी किती नेल्या हे मोजू नका. सुरुवातीचे काही आठवडे लोक जास्त नेतील, कारण ज्याला उद्याची खात्री नसते तो साठवतो. फळी रोज भरलेली दिसू लागली की ते कमी होते. दुसऱ्या निवाऱ्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.

शुश्रूषा

पाऊलखुणा, तुम्ही इतके स्पष्ट लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मी परिचारिका आहे आणि बेघर व्यक्तींसाठी चालणाऱ्या फिरत्या दवाखान्यात काम केले आहे. आरोग्याच्या बाजूने काही गोष्टी मांडते. त्यांतल्या काही सगळ्यांना ठाऊक असतील, पण या परिस्थितीत त्यांचे वजन वेगळे असते.

एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि 80 मिलिलिटरपेक्षा जास्त गेले तर ते जास्त समजतात. मोजून पाहणे कोणालाच शक्य नसते, म्हणून खुणा लक्षात ठेवाव्यात. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, किंवा सात दिवसांनंतरही थांबत नसेल, तर दवाखान्यात जायलाच हवे. रजोनिवृत्तीनंतर कधीही रक्त दिसले तर तेही दाखवून घ्यावे. आधीच अपुरे खाणे आणि त्यात दर महिन्याला जास्त रक्त जाणे, यांतून रक्तक्षय होतो. धाप लागते, चक्कर येते, थंडी जास्त वाजते, एका जागी बसून राहावेसे वाटते, आणि पाहणारे मात्र ‘आळशी आहे’ किंवा ‘नशेत आहे’ असा शिक्का मारून मोकळे होतात. लोहाची कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते आणि गोळ्यांनी बरी होते, त्यामुळे ती अंगावर काढू नये.

काहीच हाताशी नसेल तेव्हा लोक मोजे, कागद, वर्तमानपत्र, उशीतला कापूस असे काहीही वापरतात. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. फक्त एक मर्यादा पाळावी. अंगाबाहेर, अंतर्वस्त्रात ठेवायचे असेल तर स्वच्छ आणि कोरडे सुती कापड सर्वांत बरे. मोजा असेल तर त्यात कागदाच्या घड्या घालून तो कापडासारखा वापरता येतो, म्हणजे कागदाचे तुकडे अंगाला चिकटत नाहीत. परंतु कागदाची गुंडाळी, स्पंज किंवा कापूस योनीच्या आत कधीही घालू नये. त्याचे तुकडे आत राहतात आणि त्यातून संसर्ग होतो.

टॅम्पॉनबद्दल, म्हणजे रक्त शोषण्यासाठी योनीच्या आत ठेवायच्या तयार, दोरी असलेल्या गुंडाळीबद्दल, थोडे सविस्तर लिहिते, कारण लहान आणि लपवायला सोपे असल्याने ते पिशवीत ठेवणे बेघर व्यक्तींना सोयीचे वाटते. 1980 साली अमेरिकेत टॉक्सिक शॉक सिंड्रोमचे शेकडो रुग्ण आढळले आणि जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूचे विष रक्तात पसरल्यामुळे हा आजार होतो. तो अतिशय विरळ आहे, पण झाला तर काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून गरजेपुरत्याच शोषणक्षमतेचा टॅम्पॉन घ्यावा, चार ते आठ तासांत बदलावा आणि आठ तासांच्या पुढे मुळीच ठेवू नये. पाऊलखुणा यांनी वर्णन केलेल्या रात्री, जेव्हा संध्याकाळपासून सकाळपर्यंत दार मिळणार नाही, तेव्हा टॅम्पॉनऐवजी पॅडच वापरावी. एकाएकी चढलेला ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा, भोवळ अशी लक्षणे दिसली तर आत असलेली वस्तू ताबडतोब काढून थेट रुग्णालय गाठावे आणि टॅम्पॉन वापरत होते हे तेथे आवर्जून सांगावे.

पाणी कमी असेल तर ते बाहेरच्या भागासाठी वापरावे. योनीच्या आतला भाग धुण्याची गरज नसते, साबण तर आत मुळीच लावू नये. पुसताना हात पुढून मागे जावा. सुगंधी ओल्या पुसण्या दानात पुष्कळ येतात, पण त्यांनी सोलवटलेल्या त्वचेची आग वाढते. शक्य असेल तर बिनवासाच्या द्याव्यात, किंवा बाटलीच्या झाकणाला दोन-तीन बारीक भोके पाडून द्यावीत. त्या धारेने अर्धा पेला पाण्यातही नीट स्वच्छता होते. मांड्या घासून सोलवटत असतील तर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर उपयोगी पडतो.

कळांबद्दल. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या परिणामकारक आहेत, पण उपाशीपोटी आणि पाणी कमी पीत असताना त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काही खायला मिळणार नसेल तर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, मात्र पाकिटावरच्या प्रमाणाबाहेर नाही, आणि यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर तेही विचारूनच.

आणखी एक. ताण, अपुरी झोप आणि उपासमार यांमुळे पाळी लांबते किंवा काही महिने बंद होते. ‘आता कटकट गेली’ असे समजून पुष्कळ जणी तिकडे लक्ष देत नाहीत. पाळी आली नाही म्हणजे गर्भ राहणार नाही असे नसते, आणि गर्भ राहिल्यामुळेही पाळी चुकलेली असू शकते. तपासणी करून घ्यावी.

हिरवे_पान

सर्वांचे प्रतिसाद वाचून अस्वस्थ झालो. मला वाटते, एकेका बाईला एकेक मासिक पाळीचा कप, म्हणजे रक्त साठवण्यासाठी योनीत बसवायचा आणि धुऊन पुन्हा वापरायचा छोटा लवचीक कप, दिला तर दर महिन्याच्या पॅडचा प्रश्नच मिटेल. एक कप काही वर्षे टिकतो, कचरा होत नाही आणि जागाही लागत नाही. निधी जमवायला मी मदत करू शकतो.

पाऊलखुणा

हिरवे_पान, तुमचा हेतू चांगला आहे हे जाणूनच लिहिते. मला असा कप मिळाला होता. तो पहिल्यांदा बसवायला शिकण्यासाठी जो निवांतपणा लागतो, तोच माझ्याजवळ नव्हता. सार्वजनिक स्वच्छतागृहात नळ दाराच्या बाहेर असतो, त्यामुळे रक्ताने भरलेल्या हातांनी बाहेर येऊन चार लोकांत तो कप धुणे मला जमले नाही. उकळण्यासाठी भांडे आणि चूल तर नव्हतीच. दुसऱ्याच महिन्यात पिशवी चोरीला गेली आणि कपही गेला. पॅडचे पाकीट चोरीला गेले तर दुसरे मिळते. एकच महागडी वस्तू दिली की ती हरवण्याची भीतीसुद्धा बाईलाच सांभाळावी लागते.

ज्या बाईंना कप हवा असेल त्यांना जरूर द्या. पण तो पॅडच्या बदल्यात देऊ नका.

शुश्रूषा

पाऊलखुणा यांच्याशी सहमत आहे. तरीही कपाला पूर्ण बाद करू नये, कारण ज्यांना तो वापरण्याचा सराव आहे त्यांना बारा तासांपर्यंत निश्चिंत राहता येते, आणि रात्री दार न मिळणाऱ्या व्यक्तीसाठी हा काळ मोठा आहे. आत जाताना पिण्याच्या पाण्याची छोटी बाटली बरोबर नेऊन कप तेथेच खळबळता येतो. तेही नसेल तर स्वच्छ कागदाने पुसून पुन्हा बसवावा आणि पाणी मिळताच धुवावा. पाळी संपल्यावर मात्र तो उकळणे आवश्यक असते, तेव्हा निवाऱ्याने किंवा दिवसाच्या केंद्राने महिन्यातून एकदा, प्रश्न न विचारता, त्यासाठी एक वेगळे भांडे आणि शेगडी उपलब्ध करून दिली तर कप देण्याला अर्थ आहे. गर्भाशयात तांबी किंवा तत्सम साधन बसवलेले असेल तर कप काढताना ते सरकण्याचा धोका असतो, म्हणून आधी विचारून घ्यावे.

धुऊन वापरायच्या कापडी पॅड आणि पाळीची (रक्त शोषणारी) अंतर्वस्त्रे यांचेही असेच आहे. धुणे थंड पाण्यात होते, उलट गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. खरी अडचण वाळवण्याची. दमट कापड पुन्हा वापरले की त्वचा चिडते, बुरशीचा संसर्ग होतो. कोरडे करायला जागा नसेल तर एकदाच वापरायच्या पॅडच योग्य, पर्यावरणाचा विचार करूनही मी हे म्हणते.

काही जणी पाळी थांबवण्याचा मार्ग निवडतात. दर तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन किंवा संप्रेरक सोडणारे गर्भाशयातले साधन यांनी अनेकींची पाळी कमी होते, काहींची बंद होते. मात्र पहिले काही महिने अनियमित थेंब थेंब रक्त जाऊ शकते आणि घर नसलेल्या व्यक्तीला ठरलेल्या पाळीपेक्षा हा बेभरवशाचा काळ जास्त त्रासाचा वाटतो. हे आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. हा निर्णय सर्वस्वी त्या व्यक्तीचा असावा. निवाऱ्याच्या सोयीसाठी कोणी तो सुचवू नये, इतके माझे ठाम मत आहे.

तिसरा_प्रहर

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्मतः मला मुलगी ठरवले गेले, पण मी पुरुष आहे. घरातून बाहेर पडावे लागल्यानंतर आठ महिने मी पुरुषांच्या निवाऱ्यात राहिलो आणि त्या काळात मला पाळी येत असे. आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत ‘बाई’ असाच उल्लेख आहे, त्यात कोणाचा वाईट हेतू नाही हे मी जाणतो, पण पुरुषांच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबा नसतो तो याच गृहीतकामुळे.

वापरलेली पॅड कागदात गुंडाळून मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचो आणि बाहेर पडल्यावर लांबच्या कचरापेटीत टाकायचो. पाकीट फाडण्याचा आवाज शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून पाणी सोडण्याची वाट पाहायचो. मागणे हा पर्यायच नव्हता, कारण मागणे म्हणजे खोलीतल्या वीस अनोळखी पुरुषांना मी कोण आहे ते सांगणे. तेथे ते उघड झाले असते तर मला रात्रीच्या रात्री निवारा सोडावा लागला असता, किंवा त्याहून वाईट काही घडले असते.

प्रत्येक स्वच्छतागृहाच्या प्रत्येक कप्प्यात झाकणाचा छोटा डबा आणि एक फळी, एवढेच करावे. ज्याला गरज नाही त्याचे त्याने काही बिघडत नाही.

ओंजळ

आमच्याकडे उघड्यावर राहण्याची वेळ आली नाही, म्हणून आम्ही बेघर आहोत हे कोणी मानलेही नाही. मी आणि माझी मुलगी अकरा महिने आळीपाळीने नातेवाइकांकडे आणि मैत्रिणींकडे राहिलो. त्यातच मुलीला पहिली पाळी आली. ती अकरा वर्षांची होती.

दुसऱ्याच्या घरात न्हाणीघर असते, पाणी असते, पण ते आपले नसते. यजमानांच्या कचऱ्याच्या डब्यात पॅड टाकायची की नाही, त्यांच्या चादरीला डाग लागला तर पुढच्या महिन्यात राहू देतील का, सकाळी सगळ्यांची घाई असताना दार दहा मिनिटे बंद ठेवले तर कोणी बोलेल का, या विचारांत मी असायचे आणि मुलगी ते माझ्या चेहऱ्यावर वाचायची. तिने पॅड वाचवायला सुरुवात केली. शाळेत दिवसभर एकच वापरायची आणि मला सांगायची नाही. तिच्या मांड्यांवरचे चट्टे पाहिले तेव्हा मला ते कळले.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. तिच्या दप्तरात एक गडद रंगाची छोटी पिशवी ठेवली, तिच्यात चार पॅड, एक अंतर्वस्त्र, वापरलेल्या पॅडसाठी घट्ट बंद होणाऱ्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि साबणाचा तुकडा. ही पिशवी कोणत्याही घरी गेलो तरी बदलत नसे, आणि तिला त्या एका गोष्टीचा आधार वाटू लागला. दुसरे, शाळेतल्या एका शिक्षिकेला विश्वासात घेतले. त्यांनी फारसे न बोलता मुलीला सांगितले की कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कधीही माग. सांजवाटताई, तुमच्याकडे मुली येत असतील तर त्यांच्यासाठी लहान आकाराच्या पॅड वेगळ्या ठेवाव्यात आणि कशा लावायच्या हे चित्रांसह दाखवावे. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी अनियमित असते, त्यामुळे तारखेवर विसंबता येत नाही.

शुश्रूषा

ओंजळ, तुमच्या मुलीसाठी तुम्ही जे केलेत ते फार मोलाचे आहे. यावरून राहिलेली एक गोष्ट आठवली. निवाऱ्यात नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियाही येतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतो, त्यासाठी मोठ्या आणि जाड पॅड लागतात, आणि या काळात टॅम्पॉन किंवा कप वापरू नये. गर्भपात झालेल्या स्त्रियांनाही रक्त थांबेपर्यंत पॅडच द्याव्यात. दोन्हींत ताप, दुर्गंधी किंवा एकाएकी वाढलेला रक्तस्राव दिसला तर दवाखान्यात जायला थांबू नये.

सांजवाट

सर्वांचे प्रतिसाद मी छापून आमच्या बैठकीत वाचून दाखवले. ज्यांनी आपले अनुभव लिहिले त्यांची ओळख पटेल असे काही त्यात नव्हते, तेवढी काळजी घेतली.

बैठकीत पहिला प्रश्न संख्येचा निघाला. आपत्तीनंतरच्या मदतकार्यासाठी जी स्फिअर नियमावली जगभर वापरतात, तिच्या 2018 च्या आवृत्तीत पाळीसाठी किमान साहित्य दिले आहे : महिन्याला एकदाच वापरायच्या 15 पॅड किंवा वर्षाला धुऊन वापरायच्या सहा पॅड, वर्षाला सहा अंतर्वस्त्रे आणि महिन्याला 250 ग्रॅम जादा साबण. त्याच नियमावलीत असेही आहे की काय द्यायचे ते वापरणाऱ्यांना विचारून ठरवावे. आम्ही साधा हिशेब केला. पाच दिवसांची पाळी आणि दर सहा तासांनी एक धरली तरी वीस होतात, आणि रात्री दोन-दोन लावाव्या लागत असतील तर त्याहून जास्त. म्हणजे आम्ही एका वेळी सहा पॅडचे पाकीट देऊन ‘पुरेसे दिले’ असे समजत होतो, त्यात दीड दिवस निघत होता. हे मला चार वर्षांत कोणी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

फळीबाबत थोडा विरोध झाला. पॅड नेऊन विकतील, अशी शंका एका जुन्या सहकाऱ्यांनी काढली. त्यावर आमच्याकडेच पूर्वी मुक्कामाला असलेल्या आणि आता स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाई म्हणाल्या की कोणी विकल्याच तर त्या ज्याला लागतात त्यालाच विकल्या जातील. त्यानंतर चर्चा पुढे सरकली. आता स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या, दोन्ही बाजूंच्या सर्व कप्प्यांत फळी, खुंटी आणि झाकणाचा डबा बसवला आहे. रात्रीच्या पॅड वेगळ्या डब्यात आहेत, प्रत्येक पॅड सुटी गुंडाळलेली आहे, कारण उघडे पाकीट पावसात भिजले की सगळेच वाया जाते. गडद रंगाची अंतर्वस्त्रे चार मापांत ठेवली आहेत. पहाटे निवारा सोडण्याआधी न्हाणीघरासाठी अर्धा तास वाढवून मागितला होता, तो अजून मंजूर झालेला नाही. त्याचा पाठपुरावा मी करते आहे.

एक शंका आहे. डब्यांतला कचरा कोण आणि किती वेळा उचलणार, यावर आमच्यात एकवाक्यता होत नाही.

कायद्याचा_विद्यार्थी

आतापर्यंतच्या चर्चेला थोडी पार्श्वभूमी जोडतो. न्यूयॉर्क शहराने 2016 मध्ये सार्वजनिक शाळा आणि तुरुंगांबरोबर निवाऱ्यांमध्येही पाळीचे साहित्य मोफत देण्याचा कायदा केला. स्कॉटलंडच्या संसदेने नोव्हेंबर 2020 मध्ये एकमताने मंजूर केलेला कायदा त्याही पुढे गेला. 15 ऑगस्ट 2022 पासून तेथे गरज असलेल्या कोणालाही हे साहित्य मोफत मिळेल अशी व्यवस्था करणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य आहे, आणि ते सहजतेने व सन्मान राखून मिळाले पाहिजे असे कायद्यातच लिहिले आहे. या धाग्यावरच्या अनुभवांच्या उजेडात मला तो ‘सन्मान’ हा शब्द सर्वांत कामाचा वाटतो, कारण त्याच्या आधारे वाटपाच्या पद्धतीला आव्हान देता येते. जेथे असा कायदा नाही तेथेही निवाऱ्याला निधी देणाऱ्यांशी होणाऱ्या करारात ही अट घालून घेता येईल. सांजवाटताई, न्हाणीघराच्या अर्ध्या तासासाठीही हाच मार्ग वापरून पाहा.

पाऊलखुणा

सांजवाटताई, तुम्ही केलेले बदल वाचून डोळे भरून आले. दोन्ही बाजूंना डबे बसवलेत, हे तिसरा_प्रहर यांनाही वाचून बरे वाटेल.

डबा रोज रात्री झोपण्याआधी आणि सकाळी निवारा रिकामा झाल्यावर, असा दोनदा रिकामा करावा. भरून वर आलेला डबा पाहिला की माणूस पुन्हा खिशात घेऊन बाहेर पडतो. हे काम मुक्कामाला असलेल्या बायकांवर आळीपाळीने टाकू नका; इतर साफसफाईसारखेच ते पगारी कर्मचाऱ्याचे काम असावे आणि त्याला हातमोजे मिळावेत. डब्याला आतून पिशवी लावा, म्हणजे कोणालाच हात लावावा लागणार नाही.

आणि एक राहिले. रात्री स्वच्छतागृहाकडे जाणारा दिवा चालू ठेवा, पण झोपण्याच्या खोलीतला नको. आमच्याकडे तेथे जायचे तर आधी मोठा दिवा लावावा लागे आणि सगळी खोली जागी होई. तुमच्याकडच्या त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांच्या अंथरुणाची जागा दाराजवळ देता येईल का, ते पाहा.

सांजवाट

त्या परवा आल्या होत्या. दाराजवळची जागा दिली आहे. मार्गिकेतला छोटा दिवा कालपासून रात्रभर चालू ठेवतो.